निर्धास्त

सफरचंदांवर पोट असलेल्या माणसाच्या घरात सफरचंदाला बंदी, यावर फळसंशोधन केंद्रातल्या प्रत्येकाने एकदा तरी विनोद करून घेतला होता. सासरे तिथे एकोणतीस वर्षं सफरचंदाच्या नव्या जाती तयार करत आले होते. पण संध्याकाळी घरी परतले की मागच्या दाराशी कोट काढायचे, कोपरापर्यंत हात घासायचे, खळखळून चूळ भरायची, आणि मगच पाऊल आत. याचं कारण अडीच हात उंचीचं होतं, त्याला दोन शेंड्या होत्या, आणि नाव विचारलं तर ते "खारूताई" असं सांगायचं. त्यांची नात.

खारू दीड वर्षाची असताना तिच्या आईने, म्हणजे त्यांच्या सुनेने, तिला किसलेलं सफरचंद भरवलं होतं. दोन चमचे गेले. तिसरा तोंडाशी नेईपर्यंत पोरीचे ओठ टरारून सुजले, रडणं घोगरं झालं आणि मग एकदम थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, राहिली रडायची." आईने मात्र तिचं तोंड पाहिलं आणि चप्पल न घालता रस्त्यावर धावली. रडणारं मूल बरं, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरची अडीच वर्षं तिने पहाऱ्यावर काढली. कॉलेजात इतिहास शिकलेली बाई, पण आता वाचायची ती पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं. बिस्किटं, जॅम, सरबतं, एकदा तर शाम्पूसुद्धा. कमरेला कायम एक लाल पाऊच, त्यात इंजेक्शनची दोन पेनं. मांडीत टोचायची, दहा आकडे मोजायचे. दोन का, तर एक पुरलं नाही तर. सासूबाई म्हणायच्या, "दागिन्यांच्या कपाटालासुद्धा मी इतकी जपत नाही गं." त्यात टोमणा अर्धा आणि काळजी अर्धी, पण तिला ऐकू यायचा तो टोमणाच.

खारूला तिने एक नियम शिकवला होता. कुणीही काही पुढे केलं की आधी आईकडे बघायचं आणि विचारायचं, "हे माझं?" आई म्हणणार "तुझं," किंवा म्हणणार "तुझं नाही." मधलं उत्तर नव्हतं. पोरीने तो नियम इतका अंगी बाणवला की पाण्याचा पेला उचलतानाही विचारायची. वाढदिवसांना बाकीची पोरं केकवर तुटून पडायची आणि ही हात मागे बांधून आईला शोधायची. लोक म्हणायचे, किती शहाणी मुलगी. ते ऐकून तिची आई कमरेचा पाऊच चाचपायची.

सासरे या सगळ्यावर फार बोलले नाहीत. ते त्यांच्या पद्धतीने कामाला लागले. केंद्राच्या मागच्या उतारावर अठरा वर्षांपूर्वीच्या संकरांच्या रांगा होत्या, नापास झालेल्या. कुणाचा रंग मळकट, कुणाचा आकार वाकडा, म्हणून कुणी न विचारलेली झाडं. उपटायचं राहून गेलं म्हणून उभी होती इतकंच. खारूचा गळा ज्या प्रथिनामुळे आवळायचा ते या प्रत्येक झाडाच्या फळात किती आहे, हे मोजायला त्यांनी प्रयोगशाळेतल्या ताईंना बसवलं. ताई म्हणाल्या, "साहेब, चारशे झाडं आहेत." हे म्हणाले, "मग लवकर सुरू करा."

बत्तिसाव्या रांगेतलं नववं झाड. त्याच्या फळात ते प्रथिन जवळजवळ नव्हतंच. फळ दिसायला काही खास नव्हतं. पिवळ्यावर तपकिरी शिंतोडे, जणू कुणी चहा उडवलाय. पण गोड, रसदार आणि दातांखाली कर्रकन वाजणारं. त्या झाडाच्या फांद्यांवरचे डोळे घेऊन सासऱ्यांनी कलमं केली, ती वाढवली, पुन्हा मोजलं, आणि एका सकाळी सुनेसमोर बसून म्हणाले, "सूनबाई, एक विचारू? नाही म्हणालीस तरी मला राग नाही."

ती नाहीच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही, आठवड्यानेही. शेवटी डॉक्टरांनी समजावलं, की हॉस्पिटलात, आमच्यासमोर, सुई-ऑक्सिजन सगळं हाताशी ठेवून करू. तेव्हा कुठे ती तयार झाली. तोडणीचे दिवस होते. सासऱ्यांनी पहाटे झाडावरून फळ काढलं आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणलं. आधी ओठाला नुसता काप लावला. पंधरा मिनिटं. मग नखाएवढा तुकडा. वीस मिनिटं. मग पाव फोड. ती घड्याळ बघत होती, डॉक्टर खारूचा गळा बघत होते, आणि सासरे खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"आई, हे वाजतं!" खारू म्हणाली. "माझ्या तोंडात वाजतं! अजून माझं?"

आईने डॉक्टरांकडे पाहिलं. ते मान हलवत हसत होते.

"तुझं," ती म्हणाली, आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

त्या मोसमात खारूने सोळा सफरचंदं खाल्ली. आईने मोजली होती. दर वेळी आधी पाऊच उघडून ठेवायची, दर वेळी फळ कापायची ती वेगळ्या सुरीने, वेगळ्या पाटावर. काही झालं नाही. ना खाज, ना पुरळ. अडीच वर्षांत पहिल्यांदाच ती दुपारी गाढ झोपली, आणि सासूबाईंनी दार लोटून घेतलं, कुणी उठवू नये म्हणून.

केंद्राने ही जात बाजारात आणायचं ठरवलं. बत्तीस-नऊ हे काही फळाचं नाव होत नाही, म्हणून बैठक बसली. सासऱ्यांनी सुचवलं, 'निर्धास्त'. कलमं बांधून विकणाऱ्या रोपवाटिकेचे मालक पोट धरून हसले. "साहेब, हे सफरचंदाचं नाव आहे की कुलपाचं?" पण नातीची सगळी गोष्ट सांगून सासऱ्यांनी ते मंजूर करून घेतलं. पाठोपाठ मालकांच्या वाफ्यांत साठ हजार कलमं बांधली गेली. पाटीवर लिहायची ओळही ठरली: ज्यांना सफरचंद वर्ज्य, त्यांच्यासाठी.

थंडी संपता संपता केंद्राने चाखण्याचा दिवस ठेवला. फळविक्रेते येणार, रोपवाटिकावाले येणार. झाडावर अर्थातच काही नव्हतं, फांद्या अजून उघड्याच होत्या. पण शीतगृहात तोडणीच्या वेळचे चाळीस क्रेट राखून ठेवले होते.

"खारूला आण," सासरे म्हणाले. "मी तासभर बोलून जे होणार नाही ते तिने एक घास खाल्ला की होईल."

"बाबा, तिथे बाकीच्या जाती असतील."

"एकही नाही. टेबलं मी स्वतः धुतलीत. साबणाने, दोनदा. विचार ताईंना."

"विचारीन," ती म्हणाली, आणि खरंच विचारलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

प्रतवारीच्या शेडमध्ये कार्यक्रम होता. लांबलचक टेबल, पांढऱ्या बशा, फोडींवर लिंबू पिळलेलं नाही, कारण सासऱ्यांना दाखवायचं होतं की हे फळ कापल्यावर लवकर काळं पडत नाही. दहा-बारा माणसं कचाकचा चावत उभी होती. तिने बशीतलं काही घेतलं नाही. ती सरळ क्रेटपाशी गेली. क्रेटवरची चिठ्ठी वाचली: बत्तीस-नऊ. कलमाची रांग, तोडणाऱ्याची सही, तोडणीची तारीख. तारीख पाच महिन्यांपूर्वीची, म्हणजे खारू खात होती त्याच तोडणीची. तिला बरं वाटलं. दुसऱ्या क्रेटची चिठ्ठीही ताडून पाहिली. मधल्या थरातून एक फळ निवडलं, ज्याला कुणाचा हात लागला नसेल असं. नळाखाली धुतलं, पुसलं, पिशवीतून आपली सुरी काढली, आपला पाट काढला.

रोपवाटिकेचे मालक बघत होते. "वहिनी, आमच्याकडे तपासनीस म्हणून येता का? आमच्या पोरांना दोन चिठ्ठ्या वाचता वाचता घाम फुटतो."

"तिच्या हातून काही सुटत नाही," सासरे म्हणाले. आवाजात अभिमान होता. घरात असं कुणी तिच्याबद्दल याआधी बोललं नव्हतं. तिचे कान तापले.

खारू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी होती. हात पाठीमागे.

"आई, हे माझं?"

शेडमध्ये सगळे थांबले. तिने पुन्हा एकदा सगळं मनात तपासलं: जात, रांग, तोडणी, सुरी, पाट, पाणी, पाऊच. काहीच राहिलं नव्हतं.

"तुझं," ती म्हणाली.

खारूने पहिली फोड खाल्ली, दुसरी खाल्ली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली आणि तिसरी फोड तोंडात कोंबली. मग चावायची थांबली.

"आई, ह्याला काटे आहेत."

सासरे हसले. "काटे कसले गं? साल जरा चिवट झाली असेल, ठेवणीतलं आहे ना."

पण तिला पोरीचा खालचा ओठ दिसत होता. तो एका बाजूने जाड होत चालला होता. तिने दोन बोटांनी तोंडातली फोड काढून टाकली, पोरीला आडवी घेतली, पाऊच उघडला. फ्रॉक वर केला आणि मांडीत पेन टोचलं. एक, दोन, तीन. आपण मोठ्याने मोजतोय हे तिला कळत नव्हतं. दहा झाले. खारूचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा येत होता. कुणीतरी म्हणालं, पाणी द्या. "पाणी नको!" ती किंचाळली. "गाडी! गाडी काढा कुणीतरी!"

मालकांनी गाडी काढली. मघापासून विनोद करणारा तो माणूस वाटभर कपाळावरचा घाम बाहीने पुसत गाडी हाकत होता. फाटकाबाहेर पडताना तिला मागच्या काचेतून सासरे दिसले. ते शेडच्या दारात उभे होते, हातात बशी तशीच. दुसरं पेन तिने पुलावर टोचलं. तोवर शिट्टी बंद झाली होती, आणि त्या शांततेचा अर्थ तिला माहीत होता.

हॉस्पिटलात श्वासासाठी घशात नळी घातली. रात्र गेली, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी काढली. डॉक्टर म्हणाले, वाचली, पण थोडक्यात. नवरा परगावाहून येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. त्याने एकदाही विचारलं नाही, की कुणी दिलं. त्याने विचारलं असतं तर ती म्हणू शकली असती, मी दिलं. तो नुसता तिच्यासमोर चहाचा कप ठेवायचा आणि निवलेला कप उचलून न्यायचा.

नळी काढल्यावर खारूचा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा झाला होता. आईने मऊ भाताचा चमचा पुढे केला. खारूने तोंड फिरवलं.

"घे ना बाळा. तुझं आहे."

खारूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घसा दुखत असेल, असं नवरा म्हणाला. अर्ध्या तासाने नर्स आली, आणि तिने तोच भात, तोच चमचा पुढे केला. खारूने तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "मावशी, हे माझं?"

"मग गं राणी! तुझंच की सगळं," नर्स सहज म्हणाली, आणि खारूने आ केला.

आई खाटेची दांडी धरून उभी राहिली. भातात काही नव्हतं, तो तिने स्वतः घरून करून आणला होता. पण नर्सला तो प्रश्न काय होता हे माहीतच नव्हतं. रात्री शेजारच्या खाटेवरच्या आजींनी लेमनच्या गोळीचं पाकीट पुढे केलं, आणि खारूने त्यांनाही तसंच विचारलं. "तुझीच गं," आजी म्हणाल्या. आईने झडप घालून पाकीट हिसकावलं. आजी घाबरल्या, खारू त्या फाटक्या आवाजात रडली आणि आजींनाच बिलगली. आई पाकिटामागची अक्षरं वाचू लागली, पण ती तिला दिसेनात.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासरे आले. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. खारू झोपली होती, तोंड उघडं, हाताला सलाइनची सुई. ते दारातच चपला काढून आत आले, जणू देवळात. दोन दिवसांत दाढी वाढली होती. हातात घडी घातलेला कागद होता.

"ताईंनी मोजलं," ते म्हणाले. "परवा रात्रभर बसून. त्याच क्रेटमधलं."

"किती?"

"चौदा पट." ते खुर्चीत बसले. "शीतगृहात वाढतं ते. फळ तोडल्यावरही जिवंतच असतं, थंडीत टिकायला धडपडतं, आणि त्यात हे प्रथिन वाढत जातं. बाकीच्या जातींत वाढतं हे माहीत होतं मला. पण यात मुळात नसल्यासारखंच. मग वाढून वाढून वाढणार किती, असं..."

"म्हणजे मोजलं नव्हतं."

"तीन मोसम मोजलं, पोरी. दर वर्षी मोजलं. पण ताजं. झाडावरून काढलं की त्याच दिवशी. ठेवणीतलं..." त्यांनी मान हलवली.

तिने खारूचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मी तारीख वाचली होती बाबा. माझ्या डोळ्यांनी वाचली. दोन क्रेटच्या चिठ्ठ्या ताडून बघितल्या. आणि मला बरं वाटलं, की तीच तोडणी आहे."

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं तर तुला कसं कळणार?"

"मला कळायला हवं होतं. माझं दुसरं कामच काय होतं?"

त्यांनी कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. बाहेर औषधांची ढकलगाडी खडखडत गेली.

"केंद्र काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"पुढे ढकललंय. पण साठ हजार कलमं बांधलेली आहेत. मालक म्हणतात, उपटायची कशाला, पाटीवर एक शब्द वाढवू. 'ताजं.' ताजं खाल्लं तर निर्धास्त." नाव उच्चारताना ते अडखळले. "खोटं नाही ते. ताजं खाऊन तिला काही झालं नव्हतं. सोळा फळं खाल्ली तिने. तूच मोजलीस."

"ताजं म्हणजे किती दिवसांचं?"

"अं?"

"बाजारात फळ येतं तेव्हा त्याला किती दिवस झालेले असतात बाबा? आठ? महिना? ज्या आईने पाटी वाचली तिने काय समजायचं?"

सासरे पुढे झुकले. प्रश्न त्यांच्या हातातला होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला जरा धार आली. "बरोबर आहे. तेच शोधायला हवं. एक महिना ठेवलेलं, दोन महिने, तीन... कुठेतरी एक रेघ असणार. अलीकडे चालतं, पलीकडे नाही. ताई आकडे काढून देतील, तो प्रश्न नाही. पण आकडा म्हणजे नुसता आकडा. कितीच्या पुढे माणसाला त्रास होतो, हे काही मशीन सांगत नाही. त्यासाठी..."

त्यांची नजर खाटेवर गेली.

या माणसाने नातीसाठी जवळजवळ तीन वर्षं स्वतःच्या अंगणात एक फळ खाल्लं नव्हतं. तिच्या शेंड्या बांधायला तो या वयात शिकला होता. पण आत्ता त्याची मान किंचित कलली होती आणि डावा डोळा बारीक झाला होता. ही नजर तिने पाहिली होती. रांगेतून चालता चालता ते एखाद्या झाडापाशी थांबायचे, तेव्हा असे बघायचे. याच्याकडून काय कळेल, याचा अंदाज घेत. क्षणभरच होतं ते. नंतर ते स्वतःच दचकले, डोळे मिटले आणि तोंडावरून हात फिरवला.

ती उठली. खुर्ची आणि खाट यांच्या मधल्या जागेत येऊन उभी राहिली, खारूकडे पाठ करून.

"बाबा, तुम्ही घरी जा."

"अगं, मी काही म्हटलं नाही."

"नाही म्हणालात."

"तिच्या केसालाही धक्का... तुला काय वाटतं, मी..."

"जा बाबा."

ते उठले. कागद खुर्चीवरच राहिला. दारात चपला शोधताना त्यांचा पाय दोनदा चुकला, आणि तिला एकदा वाटलं की पुढे होऊन चप्पल सरळ करून द्यावी. ती हलली नाही. जिन्यावरून त्यांची पावलं पार खाली जाईपर्यंत, आणि ऐकू यायची बंद झाल्यावरही बराच वेळ, ती तिथेच उभी होती.